या घरात सुख कोणाला नाही

अप्पुट्टी माडावरून पडला तेव्हा तो माड चाळीस फुटांचा होता. आज पंच्याण्णव फुटांचा आहे. झाड काही एवढं वाढलेलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या अप्पुट्टीच त्यात दर वर्षी पाच फूट घालतो. एकदा मी म्हटलं, "बाबा रे, आणखी थोडा वाढवलास तर खाली येता येता वाटेत जेवायला थांबावं लागेल." तर मला म्हणाला, "सेट, तुम्ही खाली बसून सोनं गाळणारी माणसं. तुम्हाला उंचीतलं काय कळतं?"

मी मूळचा विट्याकडचा. चाळीस वर्षं या नदीकाठच्या गावात सोनं गाळतोय, तरी इकडच्यांना अजून सेटच आहे, म्हणजे बाहेरून आलेला सोनेवाला. पण अप्पुट्टीला पडायच्या आधीपासून ओळखतो. नारळ पाडायला त्याच्यासारखा गडी चार गावांत नव्हता. तो वर चढला की खाली बायका चूल पेटवायच्या, भात चढवायच्या, आणि भात शिजला की वरून पहिला नारळ यायचा. इतका वेळ तो वर काय करायचा? गप्पा. शेजारच्या माडावर जो असेल त्याच्याशी.

पडला त्या दिवशी कमरेखालचा अप्पुट्टी गेला. वरचा उरला, आणि तो मुळातच तिखट.

त्या उरलेल्याला सांभाळायचं काम त्याच्या बायकोकडे, कार्त्यायनीकडे आलं. त्यासाठी कोणी तिला विचारलं नाही, तिनेही कोणाला काही विचारलं नाही. एक मुलगी आहे, तिकडे कोइमतूरला नांदते. महिन्यातून एकदा फोन करून रडते. रडायचं काम तिने घेतलं, बाकीचं आईने.

बाकीचं म्हणजे पहाटे उठून आधी त्याची कूस बदलायची. डावा हात त्याच्या खांद्याखाली, उजवा गुडघ्याखाली, आपला गुडघा खाटेच्या लाकडाला टेकवायचा आणि ओढायचं. दर दोन तासांनी ओढायचं, नाहीतर माकडहाडापाशी कातडं सुटतं. मग लघवीची पिशवी रिकामी करायची, रंग बघायचा, गढूळ असेल तर पाणी जास्त पाजायचं. मग पोट दाबून साफ करायचं. मग पुसायचं, जखम धुवायची, कोरडी करायची, पट्टी बांधायची. चादर काढायची. मग चूल, पेज, त्याला भरवणं. मग चादर धुणं. तोवर कूस बदलायची वेळ झालेलीच असते.

त्या वर्षी मीन महिन्यातच, म्हणजे मार्च सरता सरता, तिची विहीर आटली. नदीत तर पाणी कमी आणि क्रिकेट जास्त अशी तऱ्हा. जांभ्याचा दगड असा तापायचा की कोंबड्या एका पायावर उभ्या राहून पाय बदलायच्या. उन्हाने अप्पुट्टीची जखम चिघळली, दिवसाला तीन-तीन चादरी निघायला लागल्या. त्या धुवायला पाणी शेजारच्या अम्माळूच्या बोअरचं. कुंपणातली फट ओलांडून, कमरेवर कळशी घेऊन, दिवसाला वीस खेपा. अम्माळू ओट्यावर फणस चिरत बसलेली असायची. पाणी द्यायची आणि सोबत बोलायचीही.

"कार्त्यायनी, तू देवी आहेस हो. आमच्यानं नसतं झालं."

"हं," म्हणून कार्त्यायनी कळशी नळाखाली धरायची. अकरा वर्षं लोक तिला देवी म्हणत होते. देवीला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावात एक मंडळी आहे. जे आजारी लोक अंथरुणावरून उठूच शकत नाहीत, त्यांना घरी जाऊन बघायचं हे तिचं काम. डॉक्टर एक, सुहरा नावाची नर्स एक, बाकी आम्ही रिकामटेकडे. गुरुवारी जीप निघते. माझी भट्टी गुरुवारी बंद, म्हणून सुहराची बॅग धरायला मी. त्या उन्हाळ्यात मंडळीच्या कपाटाला वाळवी लागली आणि सगळ्या आजाऱ्यांची कार्डं तिने खाल्ली. इतकी कार्डं खाल्ली की त्या वाळवीला सगळे रोग माहीत झाले असणार. नवी कार्डं लिहायला घेतली कुंजिकण्णन माशांनी.

मास्तरांना इकडे माश म्हणतात. कुंजिकण्णन माश कण्णूरकडचे, निवृत्त होऊन दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावात लेकीकडे राहायला आलेले. चौतीस वर्षं हजेरी घेतली, एकदा खाडाखोड केली नाही. एक पोरगा जानेवारीत गाव सोडून गेला, तो मार्चपर्यंत माशांच्या हजेरीत हजर होता, आणि वार्षिक परीक्षेत पासही झाला म्हणतात.

आता इथे एक शब्द सांगायला हवा. इकडे तब्येतीला 'सुख' म्हणतात. बाजारात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "सुख ना?" आजारी म्हणजे 'सुख नसलेला'. मी नवा आलो तेव्हा मला वाटलं, केवढे थोर लोक, तारलीचा भाव विचारायच्या आधी सुख विचारतात. पुढे कळलं, पोट साफ होतं का एवढंच विचारताहेत.

तर माश छत्री घेऊन घरोघर फिरत होते. कार्त्यायनीच्या दारात आले तेव्हा ती कुंपणातून येत होती. सहावी खेप. आत अप्पुट्टीचा नेमका डोळा लागला होता.

माशांनी छत्री मिटली, कागद काढला, चष्मा चढवला.

"या घरात सुख कोणाला नाही?"

कार्त्यायनी थांबली. कळशी कमरेवरच.

"मला," ती म्हणाली.

"नाव?"

"कार्त्यायनी."

"वय?"

"बावन्न."

"सोबतीला कोण बसतं?"

तिने जरा विचार केला. "अप्पुट्टी."

"आपले कोण?"

"नवरा."

"पूर्ण वेळ असतात?"

"पूर्ण वेळ. कुठे जात नाहीत."

"भाग्यवान आहात," माश म्हणाले आणि लिहून घेतलं. अजून सात घरं करायची होती.

तू असं का सांगितलंस, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "कळशी जड होती."

गुरुवारी आम्ही जीपमधून उतरलो. सुहराने कार्ड बघितलं, मग कार्त्यायनीकडे बघितलं, मग पायरीवर बसून पोट धरून हसली.

"माश, आजारी माणूस आत आहे हो! ही त्याची बायको!"

"काय?" माशांनी कार्ड हातात घेतलं. आत गेले. अप्पुट्टी खाटेवर होता, तो माशांकडे बघत राहिला. माश त्याच्याकडे.

"सोबतीला अप्पुट्टी असं लिहिलंय," सुहरा हसत हसत म्हणाली.

"माझं नाव? सोबतीत?" अप्पुट्टी कोपरावर अर्धा उठला. "अकरा वर्षं मी पडलोय. पंच्याण्णव फुटांवरून पडलोय! आणि कार्ड हिचं?"

"तुमचंही करतो," माश म्हणाले. बसून दुसरं कार्ड लिहिलं. पहिलं मात्र फाडलं नाही.

"ते रद्द करा ना," सुहरा म्हणाली.

"रद्द कसं करणार? रोग्याने स्वतः सांगितलंय. मी विचारलं, सुख कोणाला नाही? यांनी सांगितलं, मला. यात चूक कोणती?"

"माश, तुम्ही विचारलं आजारी कोण."

"मी विचारलेला शब्द मला ठाऊक आहे. आणि आपला नियम आहे. नवा रोगी चार गुरुवार बघायचा. चौथ्या गुरुवारी तक्रार काय ते कार्डावर चढवायचं. तक्रार नसेल तर कार्ड आपोआप बंद. खाडाखोड करायची गरजच नाही."

सुहरा हट्टाला हट्ट करणारी बाई नाही. तिला गंमत वाटली. अप्पुट्टीची नळी बदलली, जखम बघितली, हात धुतले आणि ओसरीवरच्या बाकावर जागा करून म्हणाली, "या चेची. बसा. कार्ड निघालंय तर तपासायला नको?"

चेची म्हणजे थोरली बहीण. कार्त्यायनी बाकाच्या टोकाला बसली. सुहराने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग मनगट धरलं. बोटं नाडीवर ठेवून घड्याळाकडे बघत राहिली. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं, वास आला, सगळ्यांना कळलं. कार्त्यायनी उठली नाही. सुहराने हात सोडला तेव्हा उठली.

"झोप लागते का चेची?"

"दुपारी लागते. सकाळी जरा."

"तुम्हाला?"

"मला? ह्यांना लागते."

"भूक?"

"पेज घेतात दोन वाट्या. मासे असले तर तीन."

"तुमची विचारतेय."

कार्त्यायनी सुहराकडे बघत राहिली. वर्गात दुसऱ्याच इयत्तेचा प्रश्न विचारला की पोर बघतं, तशी.

"पोट साफ होतं?"

"मंगळवारी झालं," ती म्हणाली, आणि मग तिलाच कळलं, हेही अप्पुट्टीचंच.

आतून अप्पुट्टी ओरडला, "रोगीबाई, तपासून झालं असेल तर चहा टाका!"

आता आमच्या गावात या मंडळीचं कार्ड निघणं म्हणजे काय, हे पोराटोराला ठाऊक आहे. ज्याच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले त्याचंच कार्ड निघतं. बातमी अम्माळूच्या ओट्यावरून निघाली. शुक्रवारी कार्त्यायनीला पोटाचा कॅन्सर होता, शनिवारी तो रक्तात गेला, रविवारी सकाळी देवळाच्या पायरीवर ती वारली, आणि दुपारी वीस खेपा पाणी नेताना लोकांनी तिला बघितलं. सोमवारी माणसं यायला लागली.

आजाऱ्याला बघायला जाताना संत्री न्यायची, अशी इकडची रीत. संत्री, नाहीतर पाव. अप्पुट्टी पडला तेव्हा पहिल्या वर्षी इतकी संत्री आली होती की गावात सालींचा वास होता. मग आटली. आता पुन्हा आली. माणसं ओसरीवर बसायची, गुडघ्यावर हात ठेवायची, खालच्या आवाजात विचारायची, "सुख ना?"

कार्त्यायनी म्हणायची, "सुख," आणि चादर पिळायला जायची.

"बघा, कशी धीराची," लोक म्हणायचे.

तिच्या नात्यातला एकजण तर थेट पुष्पचक्र घेऊन आला. लोक म्हणतात मी हे वाढवून सांगतोय. ठीक आहे, पुष्पचक्र नसेल. पण हातात फुलं होती, आणि दारात तिला उभी बघून त्याने ती पाठीमागे लपवली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अप्पुट्टीला हे सहन होईना. लोक त्याच्या खाटेपाशी येऊन आता म्हणायचे, "अप्पुट्टी, तुझं कसं होणार रे?" म्हणजे तिच्यानंतर.

"ए, ऐकतेस का? कोणी काय आणलं?"

"संत्री."

"किती?"

"बारा."

"मला पहिल्या वर्षी पाटी पाटी यायची. एक सोल."

तिने सोललं. शिरा काढल्या, बी काढली, एकेक फोड त्याच्या तोंडात घातली. फोड घालताना तिचा चेहरा खिडकीकडे होता. शेवटची फोड उरली तेव्हा तो म्हणाला, "ही तू खा. तुझ्या आजाराची आहेत."

तिने खाल्ली. "गोड आहे का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. तोंडात काहीतरी ओलं होतं, एवढंच.

दुसऱ्या गुरुवारी ओसरी सकाळीच झाडलेली होती. कार्त्यायनीने धुतलेलं मुंडू, म्हणजे इकडची लुंगी, नेसलं होतं आणि बाकाच्या टोकाला तिची ती बसली होती, आम्ही यायच्या आधीपासून. हे मी सुहराला दाखवलं नाही, तिला दिसलं. तिने अप्पुट्टीचं काम उरकलं आणि बाकावर बसून मनगट हातात घेतलं. आता ती हसत नव्हती. नाडी मोजायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ तिने हात धरून ठेवला.

निघताना कार्त्यायनी जीपपर्यंत आली. असं ती कधी यायची नाही.

"पुढच्या गुरुवारी पण बसाल ना? माझ्यापाशी?"

"कार्ड आहे तोवर बसेन," सुहरा म्हणाली. "पण चेची, काहीतरी तक्रार सांगा. माश ऐकणारे नाहीत. तक्रार नसली तर कार्ड बंद, मग मला वेळ काढता येणार नाही. एका दिवसात बावीस घरं आहेत."

"कसली तक्रार?"

"तुमचीच. काय होतंय तुम्हाला, ते."

"बरं," कार्त्यायनी म्हणाली.

आणि मग तिने शोधायला घेतलं. पाणी नेता नेता ती स्वतःला तपासायची. कंबर दुखते का? दुखत असेल. पण दुखते का? डोकं? फणस पिकलाय का ते बघायला आपण टिचकी मारतो, तशी तिने स्वतःला सगळीकडे टिचकी मारून बघितली. कुठूनच आवाज येईना. अम्माळूला तिने विचारलं, "अम्माळू, तुझं काय काय दुखतं?"

अम्माळूने फणसाचा कोयता खाली ठेवला आणि दोन कळशा भरून वाहून जाईपर्यंत सांगितलं. पित्त, टाच, सून. कार्त्यायनीने लक्ष देऊन ऐकलं. त्यातलं एकही तिच्याकडे निघालं नाही.

"कॅन्सरमध्ये असंच होतं," अम्माळू म्हणाली. "शेवटपर्यंत कळत नाही."

तिसऱ्या गुरुवारी सुहराने पट्टा बांधायला तिचा हात उचलला तर मनगटाच्या वर कातडं सुटून लोंबत होतं. पेज गाळताना उकळतं पाणी सांडलं होतं. परवा.

"चेची! हे काय? काही लावलं नाही?"

"बघितलं नाही."

"दुखलं नाही?"

"कळलं नाही. ह्यांची कूस बदलायची होती."

माश उठून आले, चष्मा चढवला, खूश झाले. "ही तक्रार! लिहू?"

"भाजलेलं आठ दिवसांत भरून येतं माश," सुहरा म्हणाली. "आपली कार्डं भरून न येणाऱ्या दुखण्यांची आहेत." तिने मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टी बांधून झाल्यावरही गाठ नीट करत राहिली.

आतून अप्पुट्टीचा आवाज, "काय झालं हिला?"

"भाजलंय."

"कधी?"

त्या दिवशी त्याने चहा मागितला नाही.

मधल्या आठवड्यात काय झालं? काही नाही. तेच झालं. दोन तासांनी कूस, तीन चादरी, वीस खेपा. बुधवारी बोअरचा पंप जळला, तेव्हा पाणी देवळाच्या तळ्यावरून आणलं, खेपा कमी आणि वाट लांब. संत्री संपली. ती मरत नाही असं बघून लोकांचं येणं पुन्हा आटलं होतं.

चौथ्या गुरुवारी माश इस्त्रीचा शर्ट घालून आले. अप्पुट्टीच्या खोलीतच बसले, कारण टेबल तिथे होतं. सुहरा खाटेच्या पायथ्याशी, मी बॅग घेऊन दारात, कार्त्यायनी भिंतीला टेकून उभी. हातावर पट्टी.

माशांनी कार्ड काढलं, पेन उघडलं.

"कार्त्यायनी. बावन्न. चार गुरुवार पूर्ण. तक्रार?"

ती पट्टीची गाठ चाचपत राहिली.

"सांगा चेची," सुहरा म्हणाली.

कार्त्यायनीने तोंड उघडलं. आठवडाभर जे काही गोळा केलं होतं ते शोधलं असावं. ओठ हलले. मिटले.

"घाई नाही," माश म्हणाले, पण घड्याळ बघितलं.

"तक्रार नाही असं लिहू का मग?" त्यांनीच पुढे विचारलं.

"थांबा माश," खाटेवरून अप्पुट्टी म्हणाला. "लिहा. डावा गुडघा. पाणी घेऊन येताना तिसऱ्या पायरीवर थांबते आणि तोंडाने श्वास सोडते. पहिल्या दोन पायऱ्यांवर नाही, तिसऱ्या."

माश लिहायला लागले.

"दुपारी जेवत नाही. ताट-वाटीचा आवाज करते, मला वाटावं जेवतेय म्हणून. पण चावल्याचा आवाज येत नाही. सकाळी खोकते, चार वेळा. पाचवा दाबते. कपडे धुताना आधी गाणं म्हणायची, ते बंद झालं. मग शिव्या द्यायची, त्याही बंद झाल्या."

"तुम्हाला हे सगळं इथून कळतं?" सुहराने विचारलं.

"मग मी इथे पडून काय करतो? छप्पर बघतो आणि हिला ऐकतो. सोबतीला माझंच नाव आहे ना?"

माशांचं पेन भराभर चाललं होतं. आता जागा पुरेल की नाही अशी त्यांना काळजी. तेवढ्यात कार्त्यायनी म्हणाली, "गुडघ्याचं काही नाही."

"आहे," अप्पुट्टी म्हणाला.

"असेल. पण ते नाही."

"मग काय?" माशांनी पेन वर धरलं.

"मला कंटाळा आलाय."

"कशाचा?"

तिने खाटेकडे बघितलं. चार गुरुवारांत मी तिला प्रथमच त्याच्या तोंडाकडे बघताना बघितलं; एरवी ती पाठ बघायची, नळी बघायची, जखम बघायची.

"ह्यांचा," ती म्हणाली.

बाहेर ड्रायव्हर जीपची काच पुसत होता, तो आवाज खोलीत येत होता. मी बॅगेचा पट्टा बघत होतो. कोणाचा चेहरा बघायची माझी तयारी नव्हती.

सुहरा नर्स आहे. नर्सला एक सवय असते. ती म्हणाली, "कधीपासून?"

कार्त्यायनीने आठवायचा प्रयत्न केला. बोटांवर मोजलं. सापडेना.

"तिसऱ्या वर्षापासून," अप्पुट्टी म्हणाला. तो छपराकडे बघत होता. "कर्क महिन्यात. पाऊस होता. त्या दिवशी हिने माझी कूस बदलली आणि 'दुखलं का' असं विचारलं नाही. मी वाट बघितली. पुढच्या वेळी पण नाही. मग कळलं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?" माशांनी विचारलं.

"काय बोलणार? मला माझा कंटाळा त्याच्या आधीपासून आलाय."

कार्त्यायनी भिंतीपासून हलली नाही. रडली नाही. इथे ती रडली असं मी सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण नाही रडली.

माशांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "कंटाळा हा रोगांच्या यादीत नाही."

"माश," सुहरा म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत, सुख कोणाला नाही. हे त्याचं उत्तर आहे. लिहा."

माशांनी आधीच्या ओळींना हात न लावता, समासात वळणदार अक्षरात लिहिलं. ते कार्ड मी बघितलंय. 'तक्रार: नवऱ्याचा कंटाळा. मुदत: आठ वर्षे. सांगणार: रोगी. दुजोरा: नवरा.' खाली उपचाराचा रकाना होता. तो सुहराने स्वतः भरला: दर गुरुवारी तीन तास चेचीने घरातलं काही करायचं नाही. कुंजिकण्णन माश करतील.

"मी?" माश म्हणाले. "मला काय येतं?"

"मलाही येत नव्हतं," कार्त्यायनी म्हणाली.

"कार्डावर चढलंय माश," मी दारातून म्हटलं. "आता खाडाखोड कशी करणार?"

जीप पुढच्या घरी गेली. मला आणि माशांना ठेवून. माशांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, मुंडू दुमडून वर खोचलं. तळ्यावरून पाणी मी आणायचं असं ठरलं. पाच खेपा केल्या, त्यातलं अर्धं पाणी रस्त्यालाच पाजलं. अम्माळू ओट्यावरून म्हणाली, "सेट, गेली का हो शेवटी?"

"ओसरीवर बसलीय," मी म्हटलं.

"बसलीय?" अम्माळूने कोयता खाली ठेवला. कार्त्यायनी मेल्याचं तिला एवढं नवल वाटलं नसतं.

कार्त्यायनी बाकावर बसली होती, या खेपेला टोकाला नाही, मधोमध. हात मांडीवर, डोळे समोरच्या आटलेल्या विहिरीकडे. आत माश अप्पुट्टीच्या अंगाला तेल लावत होते.

"माश, भाजीला फोडणी देताय का? चोळा जरा!"

"चोळतोय."

"तो माझा हात आहे, फळा नव्हे. पुसताय कसले!"

"हलू नका हो."

"हलू नका? मला सांगताय हलू नका?"

मग काहीतरी आपटलं. बादली असावी. पाण्याचा ओघळ उंबऱ्याखालून ओसरीवर आला आणि कार्त्यायनीच्या टाचेला लागला.

"ए, ऐकतेस का?" आतून अप्पुट्टीने हाक मारली. "कोरडा टॉवेल कुठेय?"

तिचे खांदे पुढे झाले. मी बघत होतो, कळशी हातात तशीच. दोन्ही हात उठायच्या बेतात बाकावर टेकले. मग ते तिथेच राहिले.

"ऐकतेस का?"

माश म्हणाले, "मी बघून येतो."

"नको. बसा." अप्पुट्टीचा आवाज खाली आला. "झोपली वाटतं. हळू बोला माश. मुंडूनेच पुसा."

कार्त्यायनी जागीच होती. पण तसं सांगायचं तर ओ द्यावी लागली असती.